इंजिन बंद असताना

हे लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. घरचीच गोष्ट आहे, आणि घरातली माणसं हे पान वाचतात. पण आता राहवत नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर हसून सोडून द्या. अशा गोष्टींना हसणाऱ्यांतलीच होते मी.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. शनिवारची भर दुपार. गॅरेजचा पत्रा तापलेला, डिझेलचा वास, शेजारच्या टायरवाल्याचा कॉम्प्रेसर बोंबलतोय. भुताने यावं अशी ती जागाच नाही.

मी त्या गॅरेजमध्ये स्कॅनर चालवते. गाडीला मशीन जोडायचं आणि कुठला सेन्सर रडतोय ते शोधायचं. आमचे मालक, उस्ताद, मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. "डॉक्टरीणबाई, पेशंट आलाय!" अशी हाक आली की मी मशीन घेऊन उठते.

त्या दिवशीचा पेशंट होता दादाची व्हॅन.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. लहानपणापासून दमेकरी. गेल्या थंडीत याच व्हॅनमध्ये, टेकडीच्या चढावर, त्याने गाडी बाजूला घेतली, काच खाली केली...

आणि तिथेच गेला. दम्याचा पंप घरी टेबलावर राहिला होता.

मागे वहिनी आणि पिल्लू. पिल्लू म्हणजे त्यांची मुलगी, अजून शाळेतही जात नाही.

वहिनीने डोळे पुसले आणि दादाचंच काम हातात घ्यायचं ठरवलं. टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या नर्सेसची ने-आण. सोमवारपासून सुरुवात. पण सरावाला काढली तर गाडी साथ देईना. सपाटीवर पळायची. चढ आला की चेक लाईट लागायचा, पिकअप जायचा आणि गाडी धापा टाकत उभी राहायची.

त्याच चढावर. दर वेळी.

"चिमे, सोमवारी अडकले तर ते दुसऱ्याला काम देतील," वहिनी म्हणाली. "मग पिल्लूला घेऊन मी जाऊ कुठे?"

"अडकशील कशाला? मी काय मेलेय?" मी म्हटलं. फुशारक्या मारण्यात माझा हात कोण धरणार!

मशीनने ईजीआरचा कोड दाखवला. सोपं करून सांगते. डिझेल इंजिन जो धूर सोडतं, त्यातला थोडा त्यालाच परत पाजतात, म्हणजे प्रदूषण कमी होतं. किती पाजायचा ते एक व्हॉल्व्ह ठरवतो. तो किती उघडलाय ते सेन्सर सांगतो. हा सेन्सर भलतंच काहीतरी सांगत होता. आमचं रोजचंच दुखणं. व्हॉल्व्ह काजळीने भरलेला असतो, नाहीतर वायर तुटलेली, नाहीतर सेन्सरच गेलेला.

मी व्हॉल्व्ह काढून धुतला. वायर तपासली, ठणठणीत. नवा सेन्सर बसवला. वहिनी बाकावर बसून होती, पिल्लू व्हॅनच्या मागच्या सीटवर झोपलेलं.

मग इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली. इंजिन बंद म्हणजे व्हॉल्व्ह गप्प. स्क्रीनवरची सेन्सरची रेघ सरळ हवी.

रेघ हलत होती...

वर, खाली. वर, खाली. मग जरा थांबायची... आणि एकदा सावकाश, लांब वर जायची.

"लूज कनेक्शन, दुसरं काय," मी पुटपुटले आणि सेन्सरचा प्लगच उपटला. आता तारच जोडलेली नाही म्हटल्यावर रेघ मरायलाच हवी.

प्लग माझ्या हातात होता.

आणि रेघ चालूच होती...

उस्तादांचं जुनं मशीन आणून लावलं. तेच. दोन छोटे. थांबा. एक लांब.

उस्ताद आले, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. एरवी टोमण्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस. "चकती मारून टाक," एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन बाहेर निघून गेले. चकती ही आमच्या धंद्यातली पळवाट. व्हॉल्व्हच्या तोंडाशी लोखंडी चकती बसवायची, म्हणजे धुराची वाटच बंद. बरोबर नाही ते, पण गाडी पळते.

मी चकती उचलली, तर वहिनी मागे उभी. नजर स्क्रीनवर. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"चिमे, हे काय आहे गं?"

"बिघाड."

"नाही गं. हे... हे मी रोज रात्री ऐकायचे. त्यांच्या शेजारी पडून." ती स्क्रीनच्या अजून जवळ आली. "दोन छोटे, मग थांबायचे, मग एक लांब. त्या थांबण्यात मी जीव मुठीत धरून असायचे."

पण मी हट्टी. "वहिनी, ऊन लागलंय तुला. बस तिकडे," म्हटलं आणि चकती बसवली.

पहिला बोल्ट आवळला.

रेघ भरभर हलू लागली.

दुसरा बोल्ट...

लहान, अजून लहान... आणि बॉनेटखालून शिट्टीसारखा बारीक आवाज. इंजिन बंद होतं हो! टायरवाल्याचा कॉम्प्रेसर कधी थांबला कोण जाणे, साऱ्या गॅरेजमध्ये तेवढाच आवाज.

"काढ ती!" वहिनी किंचाळली. "अगं काढ, त्यांना श्वास घेता येत नाहीये!"

मी पाना फिरवून बोल्ट सैल केले. कशीबशी चकती काढली आणि भिरकावून दिली. शिट्टी थांबली. रेघ हळूहळू ठिकाणावर आली.

दोन छोटे. थांबा. एक लांब.

मला रडूच फुटलं. माझा दादा होता तो. अजून त्या चढावरच अडकलेला.

वहिनी मात्र रडली नाही. ड्रायव्हरच्या दाराशी गेली आणि जेवायला उशीर करणाऱ्या नवऱ्याशी बोलावं तशी रिकाम्या सीटशी बोलली. "अहो, सोमवारी मला गाडी लागणार आहे. असं अडून नका बसू. सोडा ती गाडी आता. घरी चला बघू."

रेघ मध्येच थांबली. कुणीतरी ऐकत असल्यासारखी...

मग सरळ झाली. चेक लाईट आपोआप विझला.

एवढ्या आरडाओरड्यात न उठलेलं पिल्लू झोपेतच एकदा खोकलं. मी लक्ष दिलं नाही.

गाडी त्या दिवसापासून एकदाही अडलेली नाही. चढ निमूट चढते. वहिनीचं काम छान चाललंय, नर्सेस तिच्यावर खूश आहेत.

इथेच संपलं असतं, तर मी लिहायला बसलेच नसते.

त्याच शनिवारी रात्री पिल्लूला धाप लागली. साधी सर्दी कधी न झालेली पोर. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. "फुफ्फुसं स्वच्छ आहेत, सगळं नॉर्मल." मशीनमध्ये काही दिसत नाही, असं मीही गिऱ्हाइकांना सांगते. त्याचा अर्थ बिघाड नाही असा नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

"मोठ्या डॉक्टरांना दाखवू या," मी वहिनीला म्हटलं. ती पिल्लूच्या छातीवर हात ठेवून पडली होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा चेहरा निवांत दिसत होता.

"असू दे गं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मीच नाही का घरी बोलावलं?"

दादासाठी मी काहीही केलं असतं. पण एवढीशी छाती, दोघांना कशी पुरायची? वापरलेला श्वास परत परत पाजला की लोखंडाचं इंजिनसुद्धा आतून काळं पडतं. रोज धुते मी ते.

पिल्लू दिवसेंदिवस सुकत चाललंय. जिने चढताना मध्येच बसतं.

परवा वहिनी फेरीवर गेली होती. पिल्लू दुपारचं झोपलं होतं. मी ठरवूनच गेले होते, आज दादाला हात जोडायचे. सांगायचं, पोरीला सोड, जा आता.

छातीवर हात ठेवला. दोन छोटे. थांबा. एक लांब.

"दादा..." मी हळूच हाक मारली.

श्वास थांबला.

ऐकत असल्यासारखा...

ओठ निळे पडायला लागले तिचे. मी गदागदा हलवलं, तिच्या नावाने हाका मारल्या, तेव्हा कुठे तो परत सुरू झाला.

सांगायचं ते राहूनच गेलं. मोठं आहे ते, दोन शब्दांत सांगून होणार नाही.

आणि मी बोलत असेपर्यंत तो ऐकत राहणार. पिल्लूचा श्वास रोखून.