बुजवलेलं भोक

नियंत्रण कक्षात पेढे वाटून झाले होते, पण शरयू गोगटेच्या हातातला पेढा तसाच होता. चंद्रावरून परतणाऱ्या यानाच्या भिंतीतली गळती तिनेच हुडकली होती. यानात एकटेच असलेले कॅप्टन पाचर्णे यांनी सहा तासांपूर्वी, तिच्याच सांगण्यावरून, ते टाचणीएवढं भोक बुजवलं होतं. मग पडद्यावरची मार्गरेषा पृथ्वीला सोडून बाहेर का सरकत होती?

तिने चार दिवसांपूर्वीचं मार्गगणित उघडलं. यान किंचित ढकललं जातंय एवढं तेव्हा दिसत होतं, कारण सापडत नव्हतं. अशी बिनकारणाची ढकल 'किरकोळ' म्हणून गणितात धरून टाकायची, ही कक्षाची जुनी सवय. तिनेही धरली. ती शेवटपर्यंत राहणार असं मानून उरलंसुरलं इंधन जाळलं आणि यान वळवलं. ती ढकल या गळतीचीच होती, आणि भोक बुजल्यावर ती थांबली होती.

"एवढ्याशा भोकाने आठ टनांचं यान हलतं?" संचालक सबनीसांनी विचारलं.

"फुग्याचं तोंड सोडलं की फुगा पळतोच ना, सर? हवा एकीकडे सुटते, यान दुसरीकडे जातं. तिथे अडवायला काही नाही. ती ढकल थांबली, तर पोचायला उरलेल्या चाळीस तासांत शंभरावर किलोमीटरचा फरक पडतो. वातावरणात शिरायची वाट वीस किलोमीटरचीही नाही. ती चुकली तर यान ओझरतं लागून निघून जाईल."

"मग?"

"भोक पुन्हा उघडायचं. सहा तास भरून काढायला जरा मोठं करून. जितका उशीर, तितकी जास्त हवा सोडावी लागेल. तासाभरात उघडलं तर श्वासापुरती उरेल."

सबनीसांनी कपाळ पुसलं. "चाचणी आहे म्हणून सांग. उगाच घाबरतील."

"चाचणीसाठी कोण आपली हवा सोडेल, सर?"

तिने संपर्क जोडला आणि सगळं सांगितलं.

"सकाळी तुम्हीच बुजवायला लावलंत," पाचर्णे म्हणाले. "आता कुठल्या गोगटेबाईंचं ऐकू?"

"सकाळी मी चुकले. कारण न शोधता आकडा गणितात घातला. या खेपेला तीनदा मांडून पाहिलंय."

टाकीतल्या हवेचा आकडा पडद्यावर जागचा हलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिला करण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.

मग आकडा भराभर उतरू लागला, आणि शरयूला रडू कोसळलं.