ग्वेनच्या दारावरून परतलेली ज्योत

प्रतिमाबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हेत. नागपूरच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलेलं. कुणी चकवा लागल्याचं सांगितलं, तर त्या आधी चष्म्याचा नंबर विचारायच्या. पण सवय ती सवय. तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावायचं आणि पुढचं दार थोडा वेळ उघडं ठेवायचं, लक्ष्मी यायची वेळ म्हणून. लेकीच्या बाळंतपणासाठी पेन्सिल्व्हेनियातल्या बँगर गावी आल्या, तरी ऐन नोव्हेंबरात त्यांचं हे चालूच होतं.

"आई, सगळी हीट बाहेर चाललीय यार," हिमानी सोफ्यावरून कुरकुरायची. तिला नववा लागला होता. बीपी चढत होतं, डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली होती. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. प्रतिमाबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

गाव स्लेटच्या खाणींचं. खाणी केव्हाच बंद पडून त्यांत पाणी साचलं होतं. पण त्या खणायला वेल्सहून आलेल्या माणसांची थडगी टेकडीवर होती, काळ्या दगडाची, ओली झाली की शाळेच्या पाटीसारखी दिसणारी. समोरच्या घरातली म्हातारी ग्वेन त्याच लोकांपैकी. ऊन कललं की तिचे पडदे ओढलेले आणि दार लावलेलं.

एका दुपारी तिने प्रतिमाबाईंना चहाला बोलावलं.

"संध्याकाळी तुम्ही दार उघडं ठेवता," ग्वेन म्हणाली. "नका ठेवू."

मग तिने सांगितलं. त्यांच्या लोकांत मरणाआधी टेकडीवरच्या थडग्यांतून एक ज्योत निघते. ती धरणारा हात नसतो. पुरुषासाठी तांबडी, बाईसाठी पांढरी. ज्या घरात ती शिरते, तिथून त्याच वाटेने शवपेटी जाते.

"आणि दार बंद असलं तर?"

"आईसाठी ती कितीदा तरी आली. आई नव्वदी ओलांडून गेली."

"मग ज्योत कुठे गेली?"

ग्वेनने खिडकीतून समोरच्या घराकडे बोट केलं. "तुमच्या घरात पूर्वी डोरोथी राहायची," ती म्हणाली. "मोकळ्या मनाची बाई. दार कधी लावायची नाही."

प्रतिमाबाई घरी आल्या त्या स्वतःवरच चिडून. म्हातारीचं बोलणं काय मनाला लावून घ्यायचं! त्या संध्याकाळी त्यांनी हट्टाने दार सताड उघडलं.

पुढच्या आठवड्यात, निरांजन लावून त्या उंबऱ्याशी आल्या, तेव्हा टेकडीच्या रस्त्यावर उजेड दिसला. कुणी टॉर्च घेऊन फिरायला निघालं असेल. वाऱ्याने मेपलची वाळकी पानं रस्ताभर पळत होती. उजेड जवळ आला. उघडी ज्योत होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि एवढ्या वाऱ्यात ती जराही हलत नव्हती.

त्यांनी धरणारा हात शोधला. हात नव्हता.

ज्योत पांढरी होती.

ती ग्वेनच्या दाराशी गेली. थांबली. आतला पडदा किंचित हलला, पण दार उघडलं नाही. मग ज्योत वळली आणि रस्ता ओलांडू लागली.

प्रतिमाबाईंनी दाराची मूठ धरली. एक धक्का पुरे होता. पण पलीकडच्या घरची नीला, लेकरांची आई, गॅरेज उघडं टाकून गाडीतलं सामान उतरवत होती.

"आई, कोण आलंय?" हिमानीने आतून विचारलं.

"कुणी नाही. तू पडून राहा."

त्या उंबऱ्याबाहेर आल्या आणि दार पाठीमागे ओढून घेतलं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईशी बोलावं तशा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "आत जायचं नाही. मी आहे ना."

ज्योत जवळ आली. ती अंगाला लागली, तरी गरम नव्हती.

मग रस्त्यावर नुसता अंधार होता आणि नीला हात हलवून विचारत होती, "काकू, थंडीत काय करताय?"

हिमानीला मुलगी झाली, सुखरूप. दोघी घरी आल्या त्या संध्याकाळी प्रतिमाबाई निरांजन लावून, दार उघडं ठेवून, नातीला बघायला पावलं न वाजवता आतल्या अंधाऱ्या खोलीत गेल्या.

हिमानीने डोळ्यांवर हात घेतला.

"आई, फोनचा टॉर्च बंद कर ना. बाळ उठेल."

प्रतिमाबाईंचे दोन्ही हात रिकामे होते.