हरणीच्या कानावर जाऊ नये म्हणून

“मामंजी, हेल्मेट!... आणि सनस्क्रीन!... आणि ओढ्याचं पाणी पोरांच्या तोंडात जाता कामा नये!”

सुनेचे हे शब्द ऐकून ज्ञानूतात्यांच्या अंतःकरणात एक कळ उठली. दोन वर्षांनी नातवंडं कोल्हापुरात आली होती, तीही एका दिवसासाठी! आज पोरांना ओरखडा जरी उठला, तर संयोगिता त्यांना पुण्याहून पुन्हा पाठवणार नव्हती. चहात साखर कमी आहे असं सांगावं, तितक्या शांतपणे तिनं ते सकाळीच सांगितलं होतं.

सगळ्याचं मूळ एक म्हैस होती. हरणी! दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवतात आणि सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलमागं पळवतात. मालकाच्या गाडीचा आवाज म्हशीच्या काळजात असा मुरतो, की तो कानावर पडला की तिला जगाचं भान राहत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला अशीच धावताना हरणीचा धक्का लागला, नातू यशराज पडला, हनुवटीला टाके पडले. “ज्या घरात ती म्हैस, त्या घरात माझी पोरं येणार नाहीत!” असं म्हणून संयोगिता निघून गेली. दुसऱ्याच दिवशी तात्यांनी हरणीला गडमुडशिंगीत थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, गोठ्यात नेऊन बांधलं. पोटच्या लेकीची पाठवणी करताना बाप जितका रडत नाही, तितके ते रडले... अर्थात तात्यांना लेक नव्हती, त्यामुळं तुलनेला वाव नव्हता.

“म्हैस दिली,” एवढंच त्यांनी फोनवर सुनेला सांगितलं.

आणि आज, सुनेच्या हट्टापायी कालच बसवलेल्या नव्या सायलेन्सरसह, तात्यांची गाडी मांजरासारखी गुरगुरत गडमुडशिंगीपुढच्या ओढ्याकडं निघाली. गाडीवर हेल्मेट घातलेली दोन नातवंडं, मागं मोटारीत संयोगिता.

“आजोबा, ओढ्यावर काय करायचं असतं?” यशराजनं विचारलं.

“काय करायचं नसतंय. बसायचं असतंय.”

“किती वेळ?”

“कंटाळा येईस्तोवर. मग भाकरी खायची.”

“मला आत्ताच कंटाळा आला,” सहा वर्षांची राजनंदिनी म्हणाली.

तात्यांनी आभाळाकडं बघितलं. तेवढ्यात गतिरोधक आला. खण्णकन् आवाज झाला आणि तो नवाकोरा सायलेन्सर रस्त्यावर पडून शांतपणे गटारात घरंगळला.

फट्-फट्-फट्-फट्!

तात्यांच्या काळजाचं पाणी झालं... आक्काचं रान डाव्या हाताला होतं!

हिरव्या वैरणीतून एक काळा ढग उठला. गळ्यात दावं, दाव्याला उपटलेला खुटा, आणि डोळ्यांत दोन वर्षांचा विरह... हरणी आली! थांबावं, तर ती वेगात पोरांवर आदळणार. म्हणून तात्या थांबलेच नाहीत. पुढं फटफटी, तिच्यामागं हरणी, हरणीमागं जिवाच्या आकांतानं हॉर्न वाजवणारी संयोगिता, अशी ती मिरवणूक गावातून निघाली.

“तात्या, औंदा पाडवा लवकर आला की!” चहाच्या टपरीवरनं कुणीतरी ओरडलं.

“आजोबा, अजून जोरात!” यशराज किंचाळला. राजनंदिनीचाही कंटाळा गेला होता.

ओढ्याकाठी तात्यांनी पोरांना झाडामागं ढकललं आणि स्वतः दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. हरणी थांबली, धापा टाकत जवळ आली आणि तिनं आपलं फेसाळलेलं तोंड त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर टेकवलं.

मोटारीचं दार आपटलं. रागाच्या भरात संयोगिताची पुण्याची भाषा गळून पडली आणि माहेरची, गडहिंग्लजची, बाहेर आली.

“दिली म्हणालासा की म्हस! माझ्या पोराच्या हनुवटीपेक्षा ही मोठी वाटली व्हय तुमास्नी? खोटं बोललासा, मामंजी!... चला रे पोरांनो, गाडीत बसा!”

तात्यांनी हरणीच्या गळ्यातलं दावं धरलं. एक दिवस... एकच दिवस मागितला होता, तोही म्हशीनं खाल्ला!

इतक्यात हातात चपला घेऊन आक्का धावत आली. “ज्ञानू! खुटा उपटून आली रं ही!” संयोगिताचं ‘खोटं बोललासा’ तिच्या कानावर पडलं होतं. “खोटं? अगं बाई, दोन वर्षं झाली हरणी माझ्या दावणीला हाय! आणि ह्यो येडा दर रविवारी येतोय. पार फाट्यावर गाडी बंद करतोय आणि तिथनं ढकलत आणतोय, घामाघूम हून. का? तर आवाज हिच्या कानावर जाऊ ने म्हणून! उसाआडनं बघतोय आणि जातोय. मी म्हटलं, अरे, हात तरी फिरीव. तर म्हणतोय, ‘आक्का, हात फिरवला तर ती मागनं येईल. आणि ती आली तर पोरं येणार न्हाईत...’”



“मामंजी...” संयोगिता मोटारीपासून मागं फिरली. “हे सांगितलं का नाही?”

“दिली म्हणून सांगितलं की!” तात्या वैतागून म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “आणि काय सांगायचं असतंय?”

त्यानंतर कुणी गाडीत बसलं नाही. यशराजनं एका हातानं हनुवटीची खूण चाचपली आणि दुसरा हात भीतभीत हरणीच्या कपाळावर ठेवला. मग पोरांनी तिला ओढ्यात बसवून नारळाच्या काथ्यानं घासलं. राजनंदिनीनं म्हशीच्या पाठीवरनं उडी मारली आणि घोटभर पाणी गिळलं. संयोगितानं ते पाहिलं, आणि पाठ फिरवून बुक्कीनं कांदा फोडायला घेतला. भाकऱ्या संपल्या, ऊन कललं, पण कंटाळा काही कुणाला आला नाही.

दिवस मावळताना आक्कानं दावं धरलं. हरणी हलेना. तात्यांनी तिच्याकडं पाहायचं टाळलं, मान खाली घातली आणि सवयीनं गाडी ढकलायला लागले.

“मामंजी, ढकलताय कशाला? चालू करा.”

“आवाज हुईल.”

“होऊ दे.”

“अगं, हरणी मागनं येईल!”

“येऊ दे की!” आसवं पुसत संयोगिता खेकसली. “पोरं माझ्या गाडीत बसतील. आणि जरा हळू चालवा, तिला धाप लागतीया.”

“न्या बाबा,” आक्का म्हणाली. “दोन वर्षं माझ्या दारात तोंड फुगवून बसली हुती.”

तात्यांनी किक मारली. गाडी लागेना. त्यांनी पुन्हा किक मारली... आणि हरणीनं कान टवकारले.