शेपटीवर काजळी नव्हती

पडलेल्या विमानाचे तुकडे आम्ही एका रिकाम्या गोदामात मांडत होतो. जमिनीवर खडूने विमानाची आकृती काढायची आणि आलेला तुकडा त्याच्या जागी ठेवायचा, हे माझं काम. ते तुकडे वाचायचं काम ताईंचं. ताई धातूतज्ज्ञ, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांच्या तोडीचं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

वर्तमानपत्रांनी वैमानिकाला केव्हाच दोषी ठरवलं होतं. पंधराव्या दिवशी त्याचे वडील आले आणि दाराशीच थांबले.

"चूक त्याची असेल तर तसं लिहा," ते म्हणाले. "पण नीट बघून लिहा."

"बघितल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही, काका."

त्या दिवसापासून ताईंनी शेपटीपाशी ठाण मांडलं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"इथे काजळी दिसते?"

"नाही."

"बाकी सगळ्यावर आहे. म्हणजे आग लागली तेव्हा शेपटी विमानाला नव्हतीच." मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. तुटलेल्या कडेवर बारीक रेषा होत्या, खोडातल्या वर्तुळांसारख्या. "ही चीर एका दिवसाची नाही. दर उड्डाणाला केसभर वाढत गेली. सुरुवात हा ओरखडा. जुना रंग खरवडताना कुणाचं तरी पातं लागलं असणार. पोराच्या हातात काही उरलंच नव्हतं गं."

मी थक्क होऊन बघत राहिले. तेवढ्यात खुर्च्यांच्या बाजूने आवाज आला. खट्ट.

प्रवाशांच्या एकशे बारा खुर्च्या, सगळ्यांचे पट्टे बांधलेले. बकलं इतकी चेपली होती की पकडीनेही उघडली नव्हती. तसे फोटोही होते. आता खिडकीजवळचं एक उघडं होतं.

"पत्रा तापला असेल," ताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

अहवालावर सही झाली. ताईंनी स्वतः काकांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारेकऱ्याने आम्हाला बोलावून घेतलं. कुलूप जसंच्या तसं होतं. आत सगळे पट्टे सुटलेले.

एकही तुटलेला नव्हता. दोन्ही टोकं खुर्चीवर नीट ठेवलेली.

फक्त वैमानिकाचा पट्टा बांधलेला होता.

ताई रांगांमधून चालत गेल्या. बोट लावून एकेक खुर्ची मोजली. मग वैमानिकाच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एकशे बारा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळे उतरले, बाळा."

खट्ट.

पट्टा सैल पडला. आणि खुर्चीची दबलेली गादी हळूहळू वर आली.