मांजराचा रिकामा फुगा

मारिकाबाई शाळेत शिरतात न शिरतात तोच रुबेनच्या आईने फोन त्यांच्यापुढे धरला. "बघा बाई. लेकरू अंथरुणातून उठायला तयार नाही."

पडद्यावर लाल टोपीतलं मांजर होतं. बोट लावलं, तोंड उघडलं, बोलण्याचा फुगा आला, पण रिकामा. पुन्हा बोट लावलं, तेव्हा मांजर अडखळलं : "मी रु-रु-रुबेन." मग टोमण्यामागून टोमणे, एकाहून एक विखारी. वर्गात अडखळणारा रुबेन एकटाच, आणि लाल टोपीही त्याचीच.

हा खेळ संकेतस्थळावर चढवला होता वर्गातल्याच लीसबेटच्या खात्यावरून.

ठोकळ्याला ठोकळा जोडत खेळ रचायला शिकवणारं ते संकेतस्थळ. विल्यांदी गावातल्या त्या शाळेतली पोरं त्यात रमून गेली होती. राजधानी टालिनला होणाऱ्या खेळ रचण्याच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीला लीसबेट निवडली गेली होती. आता मुख्याध्यापिकांनी बजावलं : संध्याकाळपर्यंत खुलासा नाही झाला, तर लीसबेटचं नाव रद्द, दुसरी आलेली किर्के जाईल.

मारिकाबाईंनी लीसबेटला जवळ बसवलं.

"हे तू केलंस?"

"नाही, बाई."

"तुझा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक?"

"राइगोकाकांना. सगळ्यांचे त्यांनीच तर करून दिले." "टालिनचं राहू द्या. रुबेन माझा फोन उचलत नाहीये, बाई."

राइगो म्हणजे किर्केचे वडील. दिवसभर कंपनीत प्रोग्राम लिहायचे, संध्याकाळी मुलांना फुकट शिकवायचे. कोहुके, म्हणजे चॉकलेट लावलेल्या चक्क्याच्या वड्या, वाटतानाही शून्यापासून मोजायचे, आणि लीसबेट चिडवायची, "काका, शून्य नंबरवाल्याला खाऊ नाही का?" सगळी हसायची. राइगोही.

दुपारी ते आले. पोर लहान आहे, लीसबेटला माफ करा, असं कळवळून सांगू लागले. मारिकाबाईंनी ऐकून घेतलं. मग खेळाच्या मागचे ठोकळे उघडले.

"पहिला फुगा रिकामा का येतो, राइगो?"

"घाईत काही चुकलं असेल."

"चुकलंच. इथे यादीतल्या ओळींची मोजणी एकपासून होते. शून्य क्रमांकाची ओळ मागितली, की हाती काहीच येत नाही. हा खेळ रचणाऱ्याने शून्यापासून सुरुवात केली. तुमच्या कंपनीतल्या भाषेत तसंच मोजतात ना?"

"मुलंही चुकतात."

"चुकतात. पण ही चूक ज्यावरून लीसबेट तुम्हाला रोज चिडवते, तीच ती कशी करेल? आणि तिचा पासवर्ड तिच्याखेरीज तुमच्याकडेच होता. ती गळली, तर जाणार कोण, हे मी सांगायला नको."

राइगो खिडकीपाशी गेले. तळ्यावरचा बर्फ काळा पडत चालला होता.

"किर्के रडत होती," ते शेवटी म्हणाले. "रुबेनचा मी विचारच केला नाही."

दारात किर्के उभी होती. कधीची, कोण जाणे.

"मी एकच दिवस रडले, बाबा," ती म्हणाली. "मग मला दुसरी आल्याचं बरं वाटायला लागलं होतं."

खेळ काढून टाकला गेला. लीसबेटचं नाव राहिलं. राइगो पुन्हा शिकवायला आले नाहीत.

आठवड्याने रुबेन आला, टोपी न घालता. लीसबेटने शेजारची खुर्ची ओढली. तो बोलायला लागला, अडखळला, थांबला. तोंड उघडं, शब्द नाही. खोलीतलं एकही पोर हललं नाही.

लीसबेट वाट बघत राहिली.