मोतीलालचा पाठ

बसा. ओट्यावरच बसा, आत नुसती अडगळ आहे. कंदील जरा खिडकीपासून लांब ठेवा, उजेड माझ्या डोळ्यांवर येतो. इंग्रजी बोलायचा सराव करायचा आहे ना? करू की. पण आधी माझी हकीगत ऐका. अक्का आत सांजोऱ्या लाटते आहे, तिला तशी घाई नाही.

मी मूळचा धरणगावचा. नाव हिलाल. स्वभावानं पक्का संशयी. दूधवाल्यानं चरवी खाली ठेवली की आधी बोट बुडवून बघणारा. एकोणीसशे चौतीस साली जळगावला कापसाच्या एका प्रेसमध्ये कारकुनाची जागा निघाली, तेव्हा मी इथं खोली घेऊन राहिलो. बायकोला, तानूला, गावीच ठेवलं होतं. नोकरी लागली तरच तिला आणायचं, नाहीतर दोघांनी पुन्हा भावाच्या दारात तुकडे मोडायचे, असं ठरलेलं. भावजयीची बोलणी तानूनं तीन वर्षं ऐकली होती. त्यामुळे ती नोकरी मला हवी म्हणजे हवीच होती.

प्रेसचे हेडक्लार्क रतिलालशेठ म्हणाले, "साहेब हिशेब विचारत नाही. किती वाजता उठतोस, केव्हा जेवतोस, केव्हा झोपतोस, एवढंच विचारतो. नेमाचा माणूस हवा त्याला. पण उत्तर देताना अडखळलास तर गेलास."

मॅट्रिकपर्यंत इंग्रजी वाचलं होतं, तोंडानं बोललो कुठे होतो? मग रोज दिवेलागणीला मेहरूण तलावाच्या वाटेनं चालत मोठ्यानं घोकायचो, "व्हॉट टाइम डू यू गेट अप? आय गेट अप अ‍ॅट..." एक दिवस या ओट्यावरून एका म्हातारीनं हाक मारली.

"भाऊ, विंग्रजी शिकस का? मन्हा मोतीलालना बी हाऊच पाठ. आठे बस नि बोल. घर सुनं लागस."

तीच ही धुरपदाअक्का. मी टेकलो. या खिडकीला तेव्हाही असेच लाकडी गज होते आणि आत असाच काळोख. थंड राखेचा वास यायचा, आणि त्यात नव्या माठात पाणी भरल्यावर सुटतो तसला ओला वास. मी घोकायला सुरुवात केली, तर आतून कुणीतरी हळू आवाजात, अगदी स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही किती वाजता उठता?"

मोतीलाल असणार, आजारी असेल, म्हणून बाहेर येत नसेल. मी असंच धरून चाललो. पण चार-पाच दिवसांत मनात पाल चुकचुकली. हा गडी स्वतःचं काही सांगेना. उलट मलाच विचारायचा. खोलीतून केव्हा निघता? परत केव्हा येता? झोप गाढ लागते का? सोबत कोण असतं? अहो, या काय ओळख वाढवायच्या गोष्टी झाल्या? घर फोडणारा याहून वेगळं काय विचारतो? म्हातारी फूस लावून ओट्यावर बसवते, पोरगा आतून माहिती काढतो, आणि तिसरा कुणीतरी माझी ट्रंक उचलतो, असा सगळा डाव मी मनाशी जुळवून टाकला.

म्हणून मी खोटं सांगायला लागलो. खरा मी पहाटे कोंबड्याबरोबर उठणारा, भाकरीबरोबर कच्चा कांदा नसला तर घास न गिळणारा. त्याला सांगितलं, प्रेसचा भोंगा झाल्याशिवाय माझे डोळे उघडत नाहीत, कांद्याला मी शिवत नाही, आणि दाराकडे पाय करूनच झोपतो. दाराकडे पाय करून आमच्यात कुणी झोपत नाही. असलं विचित्र मला कसं सुचलं, कोण जाणे. पण सुचत गेलं, आणि इंग्रजीही पाण्यासारखं वाहायला लागलं.

एकच गोष्ट मी कुणालाच कधी सांगितली नव्हती, तानूलासुद्धा नाही. अंथरुणावर पडल्यावर अंधारात मी गुळाचा खडा चघळायचो. उशीखाली ठेवायचो. मोठ्या माणसाला शोभत नाही, म्हणून लाज वाटायची.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडची रीत सांगतो. वर्षात जो गेला असेल त्याच्या नावानं घागर भरायची आणि त्याच्याच वयाच्या माणसाला पित्तर म्हणून जेवायला बसवायचं. त्याला मेलेल्याच्या नावानं हाक मारायची आणि त्यानं ओ द्यायची. मात्र जेवण झालं की उंबऱ्यावर त्याच्या हातावर पाणी घालून, त्याच्या स्वतःच्या नावानं त्याला घरी पाठवायचं. हे शेवटचं विसरलं तर चालत नाही.

अक्कानं मला जेवायला बोलावलं. म्हणाली, "पित्तर बसाले कोनी नही, भाऊ."

"कोणाचा पित्तर?"

"मन्हा मोतीलालना."

"अक्का... मंग रोज मन्हाशी बोलस कोन?"

ती हसली. "तूच ना भाऊ. तूच इचारस, तूच सांगस. मोतीलाल बी असाच करे... दोन आवाज काढे."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, आणि ते बघून मला भडभडून आलं. पाटावर बसलो. ताटात आमरस, सांजोरी, कुरडया, सगळं होतं, कांदा तेवढा नव्हता. अक्का वाढता वाढता आपल्याशीच बोलत होती. मोतीलालला कांद्याचा वाससुद्धा सोसायचा नाही. भोंगा झाल्याशिवाय तो उठायचा नाही. दाराकडे पाय करून झोपायचा, तिनं कितीदा रागावून पाहिलं होतं...

घास माझ्या तोंडातच राहिला.

"मोतीलाल," तिनं हाक मारली.

"ओ," मी म्हणालो. रीतच होती ती.

जेवण झालं. ती उंबऱ्यापाशी तांब्या घेऊन आली आणि थबकली. एवढ्या दिवसांत तिनं माझं नाव विचारलंच नव्हतं. मीही ते सांगायला थांबलो नाही. मी तसाच चपला हातात घेऊन पळालो.

दोन दिवसांनी साहेबासमोर उभा राहिलो. त्यानं विचारलं, किती वाजता उठतोस? खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तर बाहेर पडलं ते भोंग्याचं. न अडखळता. साहेब खूश झाला. नोकरी लागली, तानू आली. पहिल्याच दिवशी ताटातल्या कांद्यानं मला मळमळलं, मी तो बाजूला सारला. ती बघतच राहिली.

"असं काय? तुम्ही ते कांदाबिगर घास लेतस नही!"

त्याच संध्याकाळी मी इथं आलो. अक्काला नाव सांगायचं, हातावर पाणी घ्यायचं आणि सुटायचं, एवढंच मनात होतं. ती ओट्यावर प्रसन्न बसलेली.

"आते एकलं वाटत नही, भाऊ. आतमा रोज बोलनं चालू शे."

मी खिडकीशी गेलो. राखेचा वास... ओल्या माठाचा वास. गज धरून विचारलंच, "व्हॉट टाइम डू यू गेट अप?"

आतून उत्तर आलं. "पहाटे, कोंबड्याबरोबर. भाकरीबरोबर मला कांदा लागतो. आणि झोपताना... गुळाचा खडा. बायकोला माहीत नाही."

आवाज माझा होता.

मी मागे वळलो. अक्का तांब्या घेऊन दारात उभी. म्हणाली, "त्या दिन पानी घालानं राही गयं. भाऊ, तुन्हं नाव काय?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आतून कुणीतरी म्हणालं, "हिलाल."

तिनं उंबऱ्यावर पाण्याची धार धरली. खाली कुणाचे हात होते ते मला दिसलं नाही, पण पाणी जमिनीवर पडलं नाही. "हिलालभाऊ," ती म्हणाली, "आते घर जा."

मी जीव तोडून खोलीकडे धावलो. दाराला आतून कडी. फटीतून पाहिलं, तर कुणीतरी माझ्या पाटावर पाठमोरा बसून बुक्कीनं कांदा फोडत होता आणि तानू हसत त्याला भाकरी वाढत होती. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली असेल. मी कडी वाजवली.

"कोन शे?" तिनं विचारलं.

मला नाव आठवेना.

परत इथंच आलो. अक्कानं दार उघडंच ठेवलं होतं. दाराकडे पाय करून पडलो, आणि खोटं कशाला बोलू, झोप छान लागली. हिलाल कारकून अजून प्रेसमध्ये वेळेवर हजर असतो म्हणतात. साहेबाचा त्याच्यावर भारी जीव आहे.

असो. तुम्हाला नोकरीची निकड असेल. आखाजी तोंडावर आली, अक्का तुम्हाला जेवायला बोलावेलच. तिनं तुमचं नाव विचारलं का हो अजून?

नाही ना? राहू द्या मग.

चला, पाठ सुरू करू. किती वाजता उठता तुम्ही? आणि खोटं सांगितलंत तरी चालेल.