तिसऱ्या भागाचा शेवट

तेलाचा विषय निघाला नसता, तर ही गोष्ट झालीच नसती.

सात वर्षांपूर्वीची दुपार. भिलाईच्या मॉलमधल्या टॉकीजात ‘गगनवीर’चा तिसरा आणि शेवटचा भाग लागला होता. पहिल्या दोन भागांनी कॉलेजच्या पोरापोरींना येडं करून सोडलं होतं. आता तो निळ्या झग्यातला उडणारा हिरो जगतो की मरतो, एवढंच सगळ्यांना पाहायचं होतं. भिलाईच्याच रिसाली भागातली उन्नती भोयर आपली मैत्रीण दामिनीला घेऊन आली होती. आणि उन्नतीच्या डाव्या हाताला एक पोरगा बसला होता... सरळ भांग, चपचपीत केस.

“दामिनी, याच्या डोक्याले पाह्य,” उन्नती आवाज खाली न करता म्हणाली. “मायनं आख्खी शिशी वतली वाट्टे. गगनवीर चुकून इथं उतरला तं घसरूनच पडन.”

भिलाईत मराठी म्हणजे घरातली बोली. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. म्हणून चारचौघांत कोणाची उडवायची तर मराठीत, हा या दोघींचा जुना धंदा. आजवर तो कधी अंगाशी आला नव्हता.

मध्यंतरात तो पोरगा उठून गेला, परत आला आणि समोशांचा कागद त्यानं उन्नतीपुढे धरला.

“घ्या. तेल कमी आहे,” तो म्हणाला. “माह्या डोक्यापेक्षा तं कमीच.”

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं उन्नतीला झालं. दामिनी तोंडावर ओढणी दाबून खुर्चीत वाकली होती.

“तुम्ही... मराठी?”

“हाव. इथल्याच कॅम्प-वन वस्तीतला. राजदीप. माय रोजच वतते तेल. तिले सांगू का तुमचं?”

“नका ना सांगू.”

“मंग समोसा घ्या.”

तिनं घेतला. गरम होता, बोटं भाजली, पण खाली ठेवायची सोय नव्हती. तो तिच्याकडे बघत होता ना.

शेवटी गगनवीर कोसळता बुरूज खांद्यावर घेतो आणि शहर वाचवतो. सगळ्यांना वाटतं, मेला. लोक चौकात दिवे लावतात, आणि त्याच गर्दीत तो साध्या शर्टात उभा असतो. मंचावर त्याची प्रेयसी असते. तिला काही न सांगता तो निघून जातो. उन्नतीनं रडून ओढणी भिजवली आणि बाहेर येताच ती राजदीपवर तुटून पडली, जणू पिक्चर यानंच काढला.

“शहर वाचवाले कोणीबी आहे. त्या पोरीले एक शब्द सांगाले काय झालं होतं त्याले?”

“मजबुरी असंन.”

“मजबुरी नाही. भ्याला तो.”

“मी नाही भेणार,” राजदीप म्हणाला आणि लगेच घाबरून बुटाकडे बघायला लागला. उन्नती तिथंच संपली म्हणा ना.

मग काय, मैत्री बाग झूमधल्या पांढऱ्या वाघानं यांना इतक्या वेळा पाहिलं की त्याला पाठ झाले असतील. शेअर ऑटोत गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. बाजूला भाजीवाली, समोर पोलादाच्या प्लांटचे दोन कामगार, आणि हा खुशाल मोठ्या आवाजात म्हणायचा, “मले तू भल्ली आवडते.” ती तितक्याच शांतपणे म्हणायची, “माहीत आहे. पुढं बोल.” आठजणांच्या देखत असं बोलता येणं, हे सुख पुण्या-मुंबईच्या जोड्यांना कुठलं? संध्याकाळी प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबडं व्हायचं आणि तिचा हात त्याच्या हातात गरम व्हायचा. तिला वाटायचं, आपली भाषा घरची, म्हणजे हा माणूसही घरचाच.

“मी येतो बाबाले भेटाले,” एक दिवस राजदीप म्हणाला. “मराठी माणूस पाहून खूश होतीन.”

आणि झालेच खूश. हिरालाल भोयर प्लांटच्या रेल मिलमधून पहिली पाळी करून आले होते. पोरानं “नमस्कार काका” म्हणताच ते खुर्ची ओढून समोर बसले. “भंडाऱ्याकडचे? अरे, आमचं गाव पवनीपाशी. कितीक वर्षांनी गावचं बोलणं आयकून राहिलो. सिंधू, पोहे टाक वो.” धान, बोड्या-तळी, गावचा बाजार... गप्पांना नुसता ऊत आला. उन्नती आतल्या दारात उभी राहून मनातल्या मनात लग्नाची साडी निवडत होती.

“आडनाव काय म्हणलं बेटा?”

“गजभिये.”

हिरालालनी मान हलवली. थोडे मागे टेकले.

“अच्छा,” ते म्हणाले. “पिताजी किस डिपार्टमेंट में हैं आपके?”

बस. शिवी नाही, आवाज चढला नाही. उन्नतीच्या आईनं, सिंधुताईनं, पोहे आणून ठेवले, पोरानं खाल्ले. हिरालाल म्हणाले, “और लीजिए ना.” पण त्यानंतर त्या घरात राजदीपशी मराठीचा एक शब्द कोणी बोललं नाही. मघा घरचा झालेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या दाराबाहेरचा झाला. फाटकापाशी तो उन्नतीला म्हणाला, “तुह्या बाबानं मले हाकललं नाही. फक्त भाषा बदलली... समजलं मले.”

“मी बोलतो त्यायच्याशी. पाहू,” उन्नती म्हणाली.

त्या ‘पाहू’नं घात केला. दिवाळीनंतर पाहू, भावाची परीक्षा झाली की पाहू, बाबांचं रिटायरमेंट होऊ दे मग पाहू. राजदीपला रेल्वेत नोकरी लागली, तो बिलासपूरला गेला. तिथं तो तिच्यासाठी थांबला होता. ती रोज रात्री ठरवायची आणि रोज सकाळी बाबांचा डबा भरून गप्प राहायची. शेवटी हिरालालनीच जमवलं. मुलगा बालाघाटचा, जातीतला, मोनू नावाचा, स्वभावानं गरीब. त्यांच्या घरी मराठी केव्हाच विसरले होते. हिरालालना त्याचं काही वाटलं नाही. पोरीची भाषा बोलणारा चालला नाही आणि न बोलणारा चालला, आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

लग्नाला थोडे दिवस उरले आणि राजदीपचा मेसेज आला. ‘गगनवीरचा तिसरा भाग परत लागला. शनिवारी दुपारी. त्याच रांगेत बसतो.’

त्या शनिवारी मोनू खरेदीला आला होता. एकटीला कोण सोडणार? उन्नतीनं छाती घट्ट केली आणि मोनूलाच म्हणाली, पिक्चर पाहू. बिचारा आनंदला. अशी ती येऊन बसली, उजवीकडे होणारा नवरा आणि डावीकडे... तोच सरळ भांग.

मध्यंतरात मोनू पॉपकॉर्न आणायला गेला.

“जुना झाला ना पिक्चर,” राजदीप पडद्याकडे बघत म्हणाला. “उडताना वायर दिसून राहिली.”

“तवा नाही दिसली?”

“तवा मी पडद्याकडं कुठं पाहत होतो.”

“खोटं. तवा तू तेलाचा राग धरून बसला होता.”

“तेल अजून लावतो. बायको आली का सोडीन, असं ठरवलं होतं.”

उन्नतीला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. कितीतरी दिवसांत ती इतकं हसली नव्हती. या माणसाशिवाय आपण कशा जगणार, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

“आयक,” तो हळू म्हणाला. “पिक्चर सुटला का मी बाहेर उभा राहतो. तू फक्त ‘चाल घरी’ म्हण. त्याच्यासमोर म्हण. पुढचं बाबाशी मी बोलतो. नाही म्हणलं तं... मी परत दिसत नाही तुले.”

“म्हणतो,” ती म्हणाली.

“खरंच?”

“हाव. म्हणतो.”

दुसरा अर्धा भाग फारच रटाळ निघाला. बुरूज थर्माकोलचा वाटला, खलनायकाचं भाषण संपता संपेना. पण शेवट आला, चौकात दिवे लागले, आणि उन्नतीला मागच्या वेळी न दिसलेलं काहीतरी दिसलं. मंचावरच्या त्या पोरीनं गगनवीरला पाहिलेलं असतं. तिचे ओठ उघडतात. तेवढ्यात कोणी तिच्या हातात माइक देतं आणि ती लोकांकडे वळते. तो बिचारा उभा असतो, कितीतरी वेळ उभा असतो. भ्याला तो नव्हताच. हाक तिनं मारायची होती. मी अशी करणार नाही, तिनं स्वतःला बजावलं. दोन तर शब्द आहेत.

बाहेर आल्यावर सरकत्या जिन्यापाशी तो उभा होता. हात खिशात, तिच्याकडेच नजर.

“कसा वाटला शेवट?” त्यानं विचारलं.

मोनूनं तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली होती. त्यानं हसून विचारलं, “आप जानती हैं इन्हें?” संशय नाही, काही नाही. नुसतंच विचारलं.

उन्नतीनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, खरंच होते. मोनूचा भला चेहरा समोर होता आणि त्याच्या मागे बाबांचा दिसत होता.

“जी... पुरानी पहचान है,” ती म्हणाली. “अच्छा लगा आपसे मिलके, भैया.”

तिचं तिला कळायच्या आधी राजदीपला कळलं. अशी बदललेली भाषा त्यानं तिच्या घरात एकदा ऐकली होती.

“जी, मुझे भी,” तो म्हणाला. मोनूला हात जोडले. “शादी की बधाई.”

आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवला. जिना त्याला खाली नेत राहिला. आधी खांदे गेले, मग तो नीट पाडलेला भांग. तोवर हाक मारता आली असती. उन्नती कठड्याला धरून उभी राहिली.

घरी हिरालाल मजेत होते. “कसा होता वो बाई पिक्चर?”

“ठीक था, पापा.”

जन्मभर ती त्यांना बाबा म्हणत आली होती. हिरालालनी चष्मा काढला. “जेवतं काय?”

“भूख नहीं है.”

ते टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी सिंधुताईनं लेकीला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, “एक डाव तरी आपल्या बोलीत बोल ना वो, माय माही. किती दिवसांची रुसली.” हिरालाल बाजूलाच उभे होते, मान खाली घालून, ऐकायला आतुर.

उन्नती खूप रडत होती. तिनं आईचे गाल पुसले, बाबांच्या पाया पडली.

“चलती हूँ, माँ,” ती म्हणाली.